परग्रहावरची मनुस्मृती

गेल्या डिसेंबरातली गोष्ट. २५ डिसेंबरच्या मनुस्मृती दहन दिनाची, म्हणजेच भारतीय स्त्रीमुक्ती दिनाची तयारी चालू होती. विहारातल्या वाचनालयासाठी आमच्या कार्यकर्त्यांनी फुटपाथवरून जुन्या इंग्रजी पुस्तकांचा एक गठ्ठा वजनावर विकत आणला होता. कायद्याची जुनी गाइडे, स्पर्धा परीक्षेची पुस्तके, दोन शब्दकोश आणि काही विज्ञान कादंबऱ्या. नोंदवही लिहिणाऱ्या मुलाने त्यातल्या दोन कादंबऱ्यांची पाठची बाजू पाहिली, परग्रहाचा उल्लेख दिसला, आणि 'विज्ञान' या सदरात नोंद करून पुस्तके कपाटात ठेवून दिली. आठ दिवसांनी एलएल.बी.च्या दुसऱ्या वर्षाला असलेली आमची एक कार्यकर्ती ती दोन्ही पुस्तके घेऊन आमच्यासमोर उभी राहिली. म्हणाली, "सर, यात विज्ञान कुठेच नाही. यात मनुस्मृती आहे."

आम्ही हसलो. मनुस्मृतीचे नाव आजकाल कशालाही चिकटवले जाते, त्यातलाच हा प्रकार असेल असे आम्हाला वाटले. मग पुस्तके घरी नेऊन वाचली, आणि आपण हसलो याची लाज वाटली.

जॉन नॉर्मन हे या लेखकाचे टोपणनाव. खरे नाव जॉन लँग. न्यूयॉर्कच्या क्वीन्स कॉलेजात ते तत्त्वज्ञान शिकवत. 'टार्न्समन ऑफ गोर' ही त्यांची पहिली कादंबरी १९६६ साली न्यूयॉर्कच्या बॅलन्टाइन या प्रकाशनाने काढली. तेव्हापासून या मालिकेची तीसहून अधिक पुस्तके निघाली आहेत. सूर्याच्या पलीकडच्या बाजूला, पृथ्वीला कधीही न दिसणारा गोर नावाचा एक ग्रह आहे, अशी कल्पना. आता एवढ्या लांब, कोऱ्या ग्रहावर माणसाने काय काय नवे रचावे! या प्राध्यापकाने तिथे काय रचले? जाती रचल्या. उच्च जाती पाच. वर पुरोहित, मग लेखनिक, वैद्य, बांधकाम करणारे आणि योद्धे. प्रत्येक उच्च जातीला तिचा रंग ठरलेला. पुरोहिताला पांढरा, लेखनिकाला निळा, वैद्याला हिरवा, बांधकामवाल्याला पिवळा, योद्ध्याला लाल. वर्ण या शब्दाचा अर्थच रंग, हे आपल्या वाचकांना वेगळे सांगायला नको. त्यांच्याखाली राबणाऱ्या जाती. आणि ज्ञानाचेही दोन भाग! एक ज्ञान खालच्या जातींसाठी, दुसरे वरच्या जातींसाठी. खालच्यांनी आपले जग थाळीसारखे सपाट आहे असेच मानत राहावे, खरे काय ते वरच्यांनी जाणावे. लायकी पाहून जात बदलण्याची थोडी फट लेखकाने ठेवली आहे, हे प्रामाणिकपणे नोंदवतो. पण बायकांची व्यवस्था पाहिली की ही फट किती कामाची ते कळते.

गोरवर स्त्री गुलाम म्हणून विकली जाते. गळ्यात पट्टा, मांडीवर डाग. दुसरे पुस्तक होते 'कॅप्टिव्ह ऑफ गोर', १९७२ सालचे. ते एका बाईच्याच तोंडून सांगितले आहे. न्यूयॉर्कची श्रीमंत, शिकलेली तरुणी पळवून गोरवर नेली जाते, डागली जाते, विकली जाते आणि शेवटी आपले खरे सुख या गुलामगिरीतच आहे असे तिला उमगते. हे मालिकेतल्या एखाद्याच पुस्तकात नाही. स्त्री ही निसर्गानेच दासी आहे, स्वातंत्र्य हा तिला जडलेला आजार आहे आणि पुरुषाचा चाबूक हे त्यावरचे औषध आहे, असे हे प्राध्यापक पानेच्या पाने पटवून देत राहतात. साल लक्षात घ्या. ही तीच वर्षे आहेत जेव्हा अमेरिकेतल्या बायका समान वेतनासाठी, गर्भपाताच्या हक्कासाठी रस्त्यावर उतरल्या होत्या. रस्त्यावर ज्यांना उत्तर देता येईना, त्यांना ग्रहावर नेऊन साखळ्या घातल्या!

इथे आम्हाला दुसरे एक साल आठवते. ९ मे १९१६. याच न्यूयॉर्क शहरात, कोलंबिया विद्यापीठात डॉ. गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या चर्चासत्रात पंचवीस वर्षांच्या भीमराव आंबेडकरांनी 'भारतातील जाती' हा निबंध वाचला. जात म्हणजे काय, तर जातीबाहेर लग्न न करण्याची सक्ती. ही सक्ती टिकवायची तर गटातल्या बायका-पुरुषांचा हिशेब जुळला पाहिजे. नवरा मेला की मागे उरलेली बाई धोक्याची. ती बाहेर लग्न करील, नाहीतर आतल्याच एखाद्या मुलीचा वाटा खाईल. म्हणून तिला जाळा, ती सती. नाहीतर केशवपन करून कोपऱ्यात बसवा, ते सक्तीचे वैधव्य. आणि उरलेल्या पुरुषाला बायको हवी म्हणून वयात न आलेली पोर त्याच्या गळ्यात बांधा, तो बालविवाह. बाबासाहेबांचे म्हणणे असे की या तीन प्रथा जातीला चिकटलेली घाण नव्हे, त्या जातीचे यंत्र आहेत. स्त्रीचे शरीर ताब्यात घेतल्याशिवाय जात एक पिढीही चालत नाही.

१९१६ ते १९६६. बरोबर ५० वर्षे. त्याच शहरातल्या एका तत्त्वज्ञानाच्या प्राध्यापकाने बाबासाहेबांचे एक अक्षरही न वाचता (वाचले असल्याची खूण तरी पुस्तकात कुठे नाही) बाबासाहेबांचा सिद्धांत उलट्या बाजूने खरा करून दाखवला. त्याला हवी होती फक्त दासी झालेली स्त्री. पण ती एकटी काही उभी राहीना. तिच्याभोवती जाती उभ्या कराव्या लागल्या, पुरोहित आणावा लागला, ज्ञानबंदी आणावी लागली. आमची कार्यकर्ती 'यात मनुस्मृती आहे' म्हणाली ती अलंकारिक बोलत नव्हती. शूद्राला आणि स्त्रीला एकाच दाव्याला बांधण्याची जी युक्ती मनूने केली, ती पुन्हा करायला भारतात जन्मावे लागत नाही.

आता कोणी म्हणेल, वकीलसाहेब, हे तर गल्लाभरू लेखन. त्यावरून सगळ्या विज्ञान कादंबऱ्यांना कशाला बोल लावता? ठीक. प्रतिष्ठितांकडे येऊ.

आयझॅक असिमोव्ह यांचे नाव आपल्या शिकलेल्या पोरांना पाठ असते. त्यांची 'फाउंडेशन' ही कादंबरी १९५१ साली पुस्तकरूपाने आली. हजारो वर्षांनंतरची आकाशगंगा, लक्षावधी ग्रहांचे साम्राज्य, गणिताने सांगितलेला मानवजातीचा भविष्यकाळ. एवढ्या अफाट पसाऱ्यात बाई कुठे आहे? एका हुकूमशहाची भांडखोर बायको आहे, आणि चमचमणारा दागिना अंगावर चढवून दाखवायला उभी केलेली एक दासी आहे. संपले. दहा हजार वर्षांनंतरही सोनाराच्या दुकानाबाहेर बाई गेलीच नाही! पुढच्या दोन भागांत त्यांनी कर्तबगार नायिका आणल्या हे खरे. 'आय, रोबॉट'मधली सुझन कॅल्विन तर मोठी शास्त्रज्ञ. पण तिच्या हुशारीची किंमत म्हणून लेखकाने तिला कोरडी, एकाकी ठेवली, आणि १९४१ सालच्या एका कथेत तर सहकारी आपल्यावर प्रेम करतो या यंत्रमानवाच्या थापेवर तिला भाळायला लावून तिचे हसे केले. हेच असिमोव्ह पोरवयात, १९३८-३९ च्या सुमारास, विज्ञानकथांत बायकांची लुडबुड नको अशी पत्रे मासिकाला लिहीत होते. पुढे मोठे झाल्यावर साहित्य संमेलनांत बायकांना चिमटे काढणारा म्हणून त्यांची ख्याती झाली आणि त्या काळी ती गंमत समजली गेली. इतकी, की शिकागोच्या १९६२ सालच्या संमेलनासाठी आयोजकांनी चिमटे काढण्याच्या कलेवर त्यांनी थट्टेचे भाषण द्यावे असे पत्राने सुचवले होते. ज्या सभागृहात ही गंमत चालते, तिथे बाई लेखिका म्हणून किती दिवस टिकेल?

बाई टिकली ती पुरुषाचे नाव घेऊन. जेम्स टिपट्री ज्युनियर या नावाने १९६८ पासून अप्रतिम कथा येऊ लागल्या. कोणीही हा लेखक पाहिलेला नव्हता. ही बाई असावी अशी कुजबूज झाली तेव्हा रॉबर्ट सिल्व्हरबर्ग या नामवंत लेखकाने १९७५ साली टिपट्रीच्याच पुस्तकाच्या प्रस्तावनेत ती शंका उडवून लावली. या लेखनात निखळ पुरुषीपणा आहे, असा त्यांचा निर्वाळा. पुढच्या दोन वर्षांत उघड झाले की टिपट्री म्हणजे ॲलिस शेल्डन, मानसशास्त्रात डॉक्टरेट मिळवलेली साठीची बाई. मुरंब्याच्या बरणीवरचे नाव तिने उचलले होते. सिल्व्हरबर्ग यांनी चूक मोकळेपणाने कबूल केली, हे त्यांच्या पदरात घालतो. पण आडनाव बदलून गुणपत्रिका सुधारल्याचे किस्से आपल्या समाजाला नवे नाहीत. आडनाव झाकल्यावर उत्तरपत्रिका चांगली ठरते तेव्हा परीक्षा उत्तरपत्रिकेची नसते, हे आपल्याला कोणी शिकवायला नको.

आणि उघड उघड सूड? तोही आहे. एडमंड कूपर यांनी १९७२ साली 'हू नीड्स मेन?' लिहिली. बायकांचे राज्य आले आहे, त्या पुरुषांची शिकार करतात, आणि शिकारीचे काम करणारी नायिकाच एका पुरुषाच्या प्रेमात पडते. जोआना रस या लेखिका-समीक्षिकेने अशा गोष्टींचा साचाच उलगडून दाखवला आहे. बायकांच्या हाती सत्ता आली की अनर्थ, आणि त्यावर उपाय एक खरा मर्द. फिलिप के. डिक हा तर प्रतिभावान माणूस, दुर्बळांविषयी कणव असलेला. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी १९७३ मध्ये गर्भपाताचा हक्क मान्य केला आणि १९७४ साली डिक यांची कथा आली. बीजगणित येईपर्यंत मुलाला आत्मा नसतो असा कायदा झाला आहे, आणि भटकी कुत्री उचलावीत तशी नकोशी मुले गाडीत घालून नेली जातात. कथा वाचताना पोटात गोळा येतो. पण वकिलाच्या नजरेने पाहा. गर्भ आणि शाळकरी मूल यांतला फरक पुसून टाकायचा, आणि दोहोंच्या मध्ये उभी असलेली बाई, जिच्या शरीराचा सारा प्रश्न आहे, तिला निर्दय म्हणून बाजूला ढकलायचे. कोर्टात याला पुरावा दडपणे म्हणतात. तो हक्क जून २०२२ मध्ये त्याच न्यायालयाने काढून घेतला. कथेमुळे काढला असे आम्ही म्हणणार नाही. पण निकालाआधी कित्येक वर्षे बाईला वगळून विचार करण्याची सवय लोकांना लागावी लागते, आणि ती सवय न्यायालयात लागत नाही, गोष्टींतून लागते.

आपल्याकडे गर्भपाताचा कायदा १९७१ सालीच झाला. त्याच्याही आधी, १९३८ साली मुंबई विधिमंडळात बाबासाहेबांच्या वतीने पी. जे. रोहम यांनी संततिनियमनाचा ठराव मांडला होता. ठराव फेटाळला गेला. ज्या सभागृहाने तो फेटाळला त्याचा भविष्याविषयीचा अंदाज कितपत खरा ठरला, ते आपण पाहतोच आहोत.

तर मग या पुस्तकांचे करायचे काय? विहारात त्या दिवशी हाच वाद पेटला. तरुण पोरे म्हणाली, "सर, २५ डिसेंबरला मनुस्मृतीबरोबर हीही जाळू." एक ज्येष्ठ कार्यकर्ते म्हणाले, पोलिसात तक्रार करा, अश्लील पुस्तक आहे. तिसरे एक गृहस्थ, चळवळीत तीस वर्षे घातलेले, म्हणाले, आपल्यासमोर ॲट्रॉसिटीच्या केसेस पडल्या आहेत आणि तुम्ही परग्रहावरच्या बायकांचे काय घेऊन बसलात? या तिसऱ्या प्रश्नाला त्या मुलीनेच उत्तर दिले. "दादा, ॲट्रॉसिटीच्या किती केसेसमध्ये बाईवरचा अत्याचार आहे, ते सरांच्या ऑफिसात येऊन मोजा." दादा गप्प बसले. आपल्या चळवळीतही स्त्रीचा प्रश्न महिला आघाडीकडे सोपवून मोकळे होणारे दादा कमी नाहीत.

पोलिसांकडे जाण्याविषयी आमचे मत स्पष्ट आहे. अश्लीलतेचा कायदा, जुन्या दंड संहितेचे कलम २९२ आणि आता न्याय संहितेचे कलम २९४, हा या कामासाठी बनलेलाच नाही. १९६४ साली सर्वोच्च न्यायालयाने 'लेडी चॅटर्लीज लव्हर' विकणाऱ्या मुंबईतल्या रणजित उदेशी यांची शिक्षा कायम केली. त्या कादंबरीत बाई आपल्या मर्जीने प्रेम करते. २०१४ च्या अविक सरकार खटल्यात कसोटी थोडी बदलली, आजच्या समाजाच्या मापाने पाहा असे सांगितले गेले. पण कायदा विचारतो ते एवढेच, की वाचणाऱ्याची वासना चाळवते का? बाईला दासी ठरवले आहे का, हे तो विचारत नाही. अंगावर कपडा असला की गुलामगिरी या कायद्यातून सहीसलामत सुटते. आणि या कायद्याचा बडगा बसतो कोणावर? र. धों. कर्वे यांच्यासारख्यावर. 'समाजस्वास्थ्य'मधून लैंगिक शिक्षणाचे धडे देणाऱ्या या एकाकी माणसावर खटला भरला गेला तेव्हा १९३४ साली मुंबई उच्च न्यायालयात त्यांचे वकीलपत्र बाबासाहेबांनी घेतले होते. खटला हरले. पण आंबेडकरी वकिलाने या कलमाच्या कोणत्या बाजूला उभे राहायचे, हे त्यातून ठरून गेले.

जाळण्याचा मुद्दा अधिक कठीण. ज्या पुस्तकात मनुस्मृती दिसते ते का जाळू नये? आम्ही पोरांना सांगितले ते असे. महाडला १९२७ साली मनुस्मृती जाळली ती एक वाईट पुस्तक म्हणून नव्हे. ती जाळली कायदा म्हणून. तिच्या नावाने पाणी अडवले जात होते, वारसा नाकारला जात होता, शिक्षा ठरत होत्या. जाळणे हा तो कायदा रद्द केल्याचा जाहीरनामा होता. आणि हेही विसरू नका की बाबासाहेबांनी मनुस्मृती जाळण्याआधी आणि जाळल्यानंतरही ओळ न् ओळ वाचली, तिचे दाखले देऊन पुस्तके लिहिली. गोरच्या कादंबरीच्या नावाने अजून कोणी कोणाचे पाणी अडवलेले नाही. तिला उत्तर हवे, काडी नव्हे.

उत्तर कोणी दिले आहे का? दिले आहे. पण सगळी उत्तरे सारखी नाहीत, आणि इथे आम्हाला थोडे थांबायचे आहे. बाबासाहेबांच्या निबंधाच्या एकच वर्ष आधी, १९१५ साली, शार्लट पर्किन्स गिल्मन या अमेरिकन लेखिकेने 'हरलँड' लिहिली. फक्त बायकांचा देश. भांडण नाही, दारिद्र्य नाही, प्रत्येक बाई शहाणी. स्त्रीवादी मंडळी ही कादंबरी डोक्यावर घेतात. पण वाचा नीट. या बायका आर्य वंशाच्या असल्याचे आवर्जून सांगितले आहे, आणि 'अयोग्य' ठरलेल्या बाईने मूल होऊ देऊ नये असा तिथला रिवाज आहे. याच बाईंनी १९०८ साली काळ्या लोकांकडून सक्तीने काम करून घेण्याची योजना गंभीरपणे मांडली होती. पुरुष गेला आणि जात राहिली! शुद्ध वंशासाठी गर्भावर पहारा राहिलाच. त्यापेक्षा आपल्या बंगालच्या रुकय्या सखावत हुसेन यांचे 'सुलतानाज ड्रीम' कितीतरी मोकळे. १९०५ साली मद्रासच्या 'इंडियन लेडीज मॅगझिन'मध्ये आलेली ही कथा अमेरिकेतल्या पहिल्या विज्ञानकथा मासिकापेक्षा २१ वर्षांनी जुनी आहे. पुरुष पडद्यात, बायकांची विद्यापीठे, सूर्याची उष्णता साठवून शत्रूचा पराभव. आणि हे लिहून बाई थांबल्या नाहीत, त्यांनी १९११ साली कलकत्त्यात मुलींची शाळा उभी केली. आमच्या सावित्रीमाईंच्या वाटेनेच म्हणायची.

पण जॉन नॉर्मनला नेमके उत्तर दिले ते काळ्या स्त्रियांनी. ऑक्टेव्हिया बटलर, मोलकरणीची मुलगी. तिच्या १९७९ च्या 'किंड्रेड' या कादंबरीत १९७६ सालच्या कॅलिफोर्नियातली काळी लेखिका काळाच्या ओघात मागे ओढली जाऊन मेरीलँडमधल्या गुलामांच्या मळ्यावर पडते. गोरने जी साखळी रेशमी करून दाखवली, तिचे वळ इथे दिसतात. सुख कुठे आहे? आपला स्वतःचा वंश जन्माला यावा म्हणून नायिकेला आपल्या पूर्वज स्त्रीवरचा मालकाचा अत्याचार सहन करावा लागतो, अशी ती भयंकर गाठ आहे. ही गाठ बांधायला गुलामांच्याच पोटी जन्मावे लागते.

आणि एन. के. जेमिसिन. ही पुन्हा न्यूयॉर्कचीच रहिवासी. तिच्या 'द फिफ्थ सीझन'मध्ये (२०१५) प्रत्येक माणसाच्या नावातच त्याची 'उपयोगाची जात' जोडलेली असते, आणि त्यातल्या एका जातीचे कामच मुले जन्माला घालणे. भूकंप आवरण्याची ताकद घेऊन जन्मलेली काही माणसे आहेत, त्यांच्यासाठी वेगळी शिवी आहे, गावात कळले की ठेचून मारतात. कादंबरीची सुरुवातच एका बापाने आपल्या लहानग्याला मारून टाकण्याने होते. आणि जिवंत ठेवलेल्यांना राज्यसत्ता हुकूम देते, अमक्या पुरुषापासून मूल जन्माला घाल. जात, शिवी, घरातल्या माणसाच्या हातून खून, आणि गर्भावर हुकूम. वाचताना बाबासाहेबांचा निबंध जवळ ठेवला तर पान उलटावे तसे एकातून दुसऱ्यात जाता येते. तिच्या या मालिकेतल्या तिन्ही कादंबऱ्यांना २०१६, २०१७ आणि २०१८ अशी सलग तीन वर्षे ह्यूगो पुरस्कार मिळाला. असे आधी कोणाचेही झाले नव्हते. त्यापूर्वी २०१३ साली एका गोऱ्या लेखकाने तिला जाहीरपणे अर्धरानटी म्हटले होते. त्याला लेखकांच्या संघटनेतून काढले, आणि मग २०१५ साली त्याने गट बांधून याच पुरस्काराच्या नामांकनांवर कब्जा मिळवायचा प्रयत्न केला. बायका आणि काळे येऊन आमचे साहित्य बिघडवतात, ही तक्रार. राखीव जागांविरुद्धची ओरड ज्याने ऐकली आहे त्याला हा सूर ओळखीचा वाटेल. मतदारांनी पाच विभागांत 'कोणालाही पुरस्कार नको' असे मत देऊन त्या गटाला घरी बसवले.

गोरची दोन्ही पुस्तके आम्ही वाचनालयात ठेवली आहेत. नोंदवहीत 'विज्ञान' हा शब्द खोडून त्या मुलीने 'वाद' लिहिले, आणि शेजारी 'भारतातील जाती'ची मराठी प्रत ठेवली. येत्या महिन्यापासून दर दुसऱ्या रविवारी सकाळी धम्मवंदनेनंतर वाचन होईल. सुरुवात 'सुलतानाज ड्रीम'ने, कारण ती एका बैठकीत संपते. 'किंड्रेड' आणि 'द फिफ्थ सीझन' यांच्या प्रती मात्र आमच्याकडे नाहीत. परदेशात असलेल्या आपल्या बांधवांनी येताना आणल्या तर वाचनालय आभारी राहील. गोरच्या कादंबऱ्या पाठवू नयेत, दोन पुरेत.